कुमसाराला बसण्याआधी आणि उठल्यानंतर: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी दैवी दयेची वाट

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिला ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घेतला, दहावीपर्यंत रविवार चुकवला नाही, आणि मग नोकरी-लग्न-कर्जाच्या गडबडीत देवळाची पायरी सुटली ती सुटलीच, असे एक. वसईहून, गोव्याहून, अहिल्यानगर-संभाजीनगरकडून घोडबंदर रोडच्या नाहीतर खारघरच्या टॉवरात राहायला आलेले आणि अजून कुठल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे देवळाच्या स्थानिक मंडळीत, नाव न घातलेले, असे दुसरे. तिसरे म्हणजे ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, पण एखाद्या मैत्रिणीच्या घरी छातीतून दोन किरणं निघालेल्या येशूचं चित्र पाहिलं आणि ते मनातून गेलं नाही.

आतल्या मोकळेपणाविषयी सांगणाऱ्यांची सध्या कमी नाही. बहुतेक जण तुम्हाला काहीतरी वाटून घ्यायला सांगतात: शांत वाटून घ्या, स्वतःवर प्रेम करा, भूतकाळ सोडून द्या. सोडता आला असता तर माणूस ते ऐकायला गेलाच नसता. कॅथलिक श्रद्धेत या कामाला एक ठरलेली रीत आहे, कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली (कन्फेशन), आणि तिचा मोठा गुण हा की तुम्हाला त्या क्षणी काय वाटतं यावर ती अवलंबून नाही. चूक तिच्या नावानिशी तोंडाने सांगायची, क्षमा स्वतःच्या कानांनी ऐकायची, नुकसान भरता येईल तेवढं भरून द्यायचं, आणि तो खटला स्वतःवर पुन्हा चालवायचा नाही. यातलं चौथं सगळ्यात जड जातं. म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

चित्र कुठून आलं

हेलेना कोवाल्स्का १९०५ साली पोलंडमध्ये एका गरीब शेतकरी घरात जन्मली. शाळा जेमतेम तीन वर्षं. १९२५ मध्ये मठात गेली, तिथे तिचं नाव सिस्टर फाउस्टिना झालं, आणि तिने आयुष्यभर केलं काय, तर स्वयंपाक, बागकाम आणि दारावरची राखण. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्लॉत्स्क गावच्या मठात आपल्याला येशूचं दर्शन झालं, असं तिने वहीत लिहून ठेवलं: एक हात आशीर्वादासाठी उचललेला, छातीपासून एक लाल आणि एक फिकट किरण, खाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’. क्रुसावर येशूच्या कुशीत भाला खुपसल्यावर रक्त आणि पाणी बाहेर आलं असं बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानात आहे. किरणं त्याचीच. पहिलं चित्र १९३४ मध्ये विल्नियसला रंगवलं गेलं. आपल्याकडच्या घरांत जे जास्त दिसतं ते अडॉल्फ हिवा या चित्रकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्राकुवच्या मठासाठी काढलेल्या चित्रावरून आलेलं आहे.

फाउस्टिना १९३८ साली ३३व्या वर्षी क्षयाने गेली. पुढची हकीगत मला फार आवडते. १९५९ मध्ये रोमने तिच्या लेखनातून आलेल्या या भक्तीच्या प्रसाराला बंदी घातली. ती १९७८च्या एप्रिलमध्ये उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ज्यांनी क्राकुवचे आर्चबिशप असताना तिचं प्रकरण लावून धरलं होतं, ते कारोल वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनीच तिला संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार जगभरच्या चर्चसाठी दैवी दयेचा रविवार ठरवला.

नवख्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. फाउस्टिनाचं दर्शन हे खासगी प्रकटीकरण आहे. ते मानलंच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही कॅथलिकावर नाही. चित्र घरात लावलं नाही, तिच्या वहीतली दयेची जपमाळ म्हटली नाही म्हणून काही अडत नाही. दया मात्र चित्राच्या कितीतरी आधीची आहे. ती शुभवर्तमानात आहे, आणि आठवड्यातून निदान एकदा तुमच्या जवळच्या देवळातल्या कुमसाराच्या लाकडी पेटीतही मिळते.

पायरी पहिली: देऊळ आणि वेळ शोधा

ठाण्यात तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट सगळ्यांना माहीत असतं. पोखरणच्या भागात तर देवळाचं नावच अवर लेडी ऑफ मर्सी. वाशीला सेक्रेड हार्ट आहे. ही सगळी मुंबई महाधर्मप्रांतातली, लॅटिन रीतीची देवळं. तुमच्या सोसायटीच्या बाजूचं देऊळ कल्याणच्या सिरो-मलबार (केरळी परंपरेच्या) महाधर्मप्रांताचं असेल, तर तिथली उपासना बहुधा मल्याळममध्ये आणि रीत वेगळी असेल, पण तेही कॅथलिकच आहे आणि तिथे कुमसार करता येतं.

कन्फेशनची वेळ बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी किंवा रोजच्या मिस्सेच्या (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेच्या) आधी असते. पॅरिशच्या ऑफिसला फोन करून विचारा. नाव सांगावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. बरीच वर्षं मध्ये गेली असतील तर रांगेत उभं राहण्यापेक्षा फादरांची वेगळी वेळ मागून घेतलेली बरी. ‘फादर, खूप वर्षांनी कुमसार करायचंय, थोडा वेळ हवाय’ एवढं वाक्य पुरतं. आपल्याच पॅरिशमध्ये लाज वाटत असेल, फादर रविवारी समोर दिसणार या विचाराने पाय अडत असेल, तर खुशाल ट्रान्सहार्बरची लोकल पकडा आणि दुसऱ्या गावच्या देवळात जा. त्यात कमीपणा काही नाही. अर्धी वाशी ठाण्यात आणि अर्धं ठाणं वाशीत कुमसार करत असेल, असं मला कधीकधी वाटतं.

पायरी दुसरी: आपण कुठे उभे आहोत ते बघा

बाप्तिस्मा झालेले कॅथलिक कितीही वर्षांनी आले तरी थेट कुमसार करू शकतात. अडचण येते ती लग्नाची. फक्त कोर्टात केलेलं लग्न, घटस्फोटानंतरचं दुसरं लग्न, ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराशी चर्चच्या परवानगीविना झालेलं लग्न, या गोष्टी ठाणे-नवी मुंबईत घरोघरी आहेत आणि त्या पाच मिनिटांच्या रांगेत सुटत नाहीत. पण ‘आपलं लग्न देवळात झालं नाही, म्हणजे आपल्याला दार बंद’ असं स्वतःच ठरवून वीस वर्षं बाहेर बसू नका. ऑफिसात वेळ घेऊन जा, कागदपत्रं न्या, विचारा. नियमित करण्याचा मार्ग पुष्कळदा निघतो.

दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले असाल तर आधी फादरांशी बोला. बाप्तिस्मा झालेला नसेल तर कुमसाराचा संस्कार आणि ख्रिस्तप्रसाद तुमच्यासाठी नाही. मिस्सेला बसा, प्रसादाच्या वेळी जागेवरच थांबा, कुणी वळून बघत नाही. फादरांकडे मन मोकळं करायलाही हरकत नाही. पुढे खरंच ख्रिस्ती व्हावंसं वाटलं तर शिक्षणाचा बराच मोठा काळ असतो, बाप्तिस्मा सहसा ईस्टरच्या जागरणाच्या रात्री होतो, आणि जो फादर तुम्हाला घाई करत नाही तो चांगला फादर समजा. दयेची माळ मात्र कुणीही म्हणावी.

पायरी तिसरी: घरी बसून यादी करा

इथे घाई करू नका. एक कागद घ्या. मोबाइलवर लिहू नका, तो बॅकअपला जातो. पवित्र आत्म्याला दोन शब्दांत हाक मारा आणि दहा आज्ञा समोर ठेवून, नाहीतर सरळ माणसं आठवून सुरुवात करा: देव, आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं, भावंडं, ऑफिस, शेजार, पैसा, शरीर, मोबाइल.

यादी करताना नवखे दोन टोकांना जातात. एक टोक धुकट बोलण्याचं: ‘माझं घरच्यांशी नीट जमत नाही.’ हे पाप नाही, हा हवामानाचा अंदाज झाला. त्याच्या जागी काय घडलं ते लिहा: ‘वडिलांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खर्चाचा आकडा मी थोरल्या भावाला फुगवून सांगितला आणि वरचे पैसे ठेवून घेतले.’ बघा, दुसरं वाक्य लिहिताना हात थांबतो. जिथे हात थांबतो तिथेच खरं काम आहे. ‘सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या बाईबद्दल खरं-खोटं माहीत नसताना मेसेज पुढे पाठवला’ असं लिहा. ‘गॉसिप करतो’ असं नको.

दुसरं टोक कादंबरीचं. नवऱ्याने काय केलं, सासू काय म्हणाली, मग मी का चिडले, तीन पानं. कुमसार तुमचं आहे, सासूचं नाही. दुसऱ्याचं पाप तुमच्या यादीत आलं की त्यावर रेघ मारा.

गंभीर पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब स्वतः गंभीर असणं, ती गंभीर आहे याची पुरती जाण असणं, आणि तरीही मनापासून संमती देऊन ती करणं. गंभीर पापं प्रकार आणि साधारण किती वेळा ते सांगून निवेदन करायची. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘दोनेक वर्षं, महिन्यातून काही वेळा’ चालतं. बारीकसारीक सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही, सांगणं चांगलं.

आणि यादीत काय येऊ नये, हे त्याहून महत्त्वाचं. लहानपणी तुमच्यावर कुणी हात टाकला असेल तर ते तुमचं पाप नाही. ते वाक्य ‘मी’ने सुरू करू नका. आईच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही नाइट शिफ्टला होता, हे पाप नाही. मूल पोटातच गेलं, हे पाप नाही. प्रार्थनेत लक्ष उडालं, वाईट विचार येऊन गेला आणि तुम्ही त्याला बसायला पाट दिला नाही, हेही नाही. आमच्याकडे कितीतरी लोक, विशेषतः बायका, दुसऱ्यांनी केलेल्या जखमा स्वतःच्या गुन्ह्यांच्या कागदावर लिहून आणतात. तो कागद फादरांना दाखवायच्या आधी तुम्हीच निवडून घ्या.

गर्भपाताचं ओझं घेऊन वर्षानुवर्षं बाहेर थांबलेल्यांसाठी एक माहिती: चर्चने दयेसाठी पाळलेल्या खास जयंतीवर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी त्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या पुरोहितांना कायमचा दिला. बिशपांपर्यंत जावं लागेल या भीतीने अडून राहू नका.

रडू आलं नाही तर? काही बिघडत नाही. देवाच्या प्रेमापोटी वाटणारं दुःख उत्तम. पण नुसत्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने आलेला पश्चात्तापही या संस्कारासाठी पुरेसा आहे, असं चर्च शिकवतं. पुन्हा करायचं नाही एवढा निश्चय हवा. पुन्हा होणारच नाही याची हमी कुणी मागत नाही.

पायरी चौथी: जाळीच्या अलीकडे

आत काय असतं? गुडघे टेकायला एक फळी, तिच्यावरचं रेक्झिन बहुधा एका कोपऱ्यात फाटलेलं. समोर जाळी, जाळीला एखादा पातळ कपडा. पलीकडे फादर आडवे बसलेले, कान तुमच्याकडे, तोंड समोर. वर पंखा घरघरत असतो आणि रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात, त्यामुळे तुमचं बोलणं रांगेपर्यंत जाईल ही भीती सोडा. तुम्हालाच तुमचं नीट ऐकू येत नाही. गुडघे दुखत असतील तर समोरासमोर खुर्चीवर बसता येतं का, ते विचारा.

बोलायचं असं. क्रुसाची खूण करा. ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कुमसार करून साधारण पंधरा वर्षं झाली.’ पुढचं आठवत नसेल तर लगेच सांगा: ‘मला रीत आठवत नाही, तुम्ही सांगा.’ हे ऐकून चिडणारा फादर विरळा. मग यादी. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पहिल्या तिनात सांगा, शेवटी ठेवाल तर ती गिळली जाईल. ज्या भाषेत घरी भांडता त्याच भाषेत बोला. मराठी, कोकणी, जी असेल ती. इंग्रजीत पाप फार स्वच्छ दिसतं.

फादर एखादा प्रश्न विचारतील, दोन शब्द सांगतील, आणि प्रायश्चित्त देतील: एखादी प्रार्थना, स्तोत्र ५१ वाचणं, कुणाला तरी भेटणं. दिलेलं प्रायश्चित्त तुम्हाला जमण्यासारखं नसेल तर तिथेच सांगा, ते बदलून देतात. मग तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पाठ नसेल तर ‘प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पापी माणसावर दया कर’ एवढी पुरते. त्यानंतर फादर हात पुढे करून मुक्तीचे शब्द म्हणतात, त्यांचा गाभा असा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझ्या पापांची तुला क्षमा करतो. तुम्ही ‘आमेन’ म्हणा. या वाक्यापाशी कान उघडे ठेवा. बरेच जण तेव्हा ‘ते राहिलंच की’ या विचारात असतात आणि ज्यासाठी आले तेच ऐकत नाहीत. खरोखर विसरून राहिलेलं पाप क्षमेत येतं. आठवलं की पुढच्या वेळी सांगा. मुद्दाम लपवलेलं मात्र येत नाही.

गुपिताविषयी. कुमसारात ऐकलेलं फादर पोलिसांना, बिशपांना, तुमच्या घरच्यांना, कुणालाही सांगू शकत नाहीत. जो पुरोहित हे गुपित थेट फोडतो तो त्याच क्षणी आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. बाहेर भेटल्यावर तो विषय ते स्वतःहून तुमच्याकडेही काढू शकत नाहीत.

एखादा फादर उतावळा निघाला, तुटक बोलला, तर? होतं असं. तेही माणूसच, रांगेतलं पंचवीसावं कुमसार असतं. क्षमा तरीही पुरती झालेली असते, कारण ती त्यांच्या स्वभावातून येत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या फादरांकडे जा.

पायरी पाचवी: द्यायचं ते देऊन टाका

ही पायरी उत्साही लोक गाळतात. देवाने क्षमा केली म्हणून भावाचे पैसे माफ होत नाहीत. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जकातदार जक्कय झाडावरून उतरला आणि म्हणाला, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तुमच्याकडून चौपट कुणी मागत नाही, एकपट द्या. समोर जाऊन देणं खरंच शक्य नसेल तर मार्ग फादरांना विचारा. नाव न सांगता पोचवता येतं, आणि माणूस किंवा वारस उरलाच नसेल तर ती रक्कम गरिबांकडे जाते. ज्या ग्रुपवर खोटं पसरवलं त्याच ग्रुपवर ‘ते खरं नव्हतं’ असं लिहायला लागतं. पैशापेक्षा हे महाग पडतं.

पायरी सहावी: मिटलेली फाइल रात्री अडीचला उघडते

कुमसार करून घरी आल्यावर दोन-तीन दिवस हलकं वाटतं, किंवा काहीच वाटत नाही. मग एका रात्री सगळं जसंच्या तसं समोर येतं: तू तेच केलं होतंस, तू तसाच आहेस. इथे बहुतेक नवखे ठरवतात की आपलं कुमसार ‘लागलं’ नाही.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचं, बघा. त्याने पहाटेच्या आत येशूला तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी, माशांची न्याहारी झाल्यावर, येशूने त्याला प्रश्न विचारला तो ‘तसं का केलंस’ हा नव्हताच. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ असं विचारलं, तेही तीनदा, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं: माझी मेंढरं राख. पेत्राला वाईट वाटलं असं योहान लिहितो. तरी नकाराची उजळणी कुणीच केली नाही, येशूनेही नाही, पेत्रानेही नाही. दया काय करते ते या प्रसंगात मला सगळ्यात स्वच्छ दिसतं. झालेलं झालंच नाही, असं ती म्हणत नाही. तो प्रश्न निकाली निघाला असं म्हणते आणि तुम्हाला पुढच्या कामाला लावते.

म्हणून रात्री फाइल उघडली की तिच्याशी वाद घालू नका. वाद घातला की सुनावणी सुरू. एकच वाक्य म्हणा: ‘हे सांगून झालंय. येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे.’ मग कूस बदला, पाणी प्या, झोप आली नाही तर माळ हातात घ्या.

माळ म्हणजे दैवी दयेची जपमाळ. फाउस्टिनाच्या वहीत ती सप्टेंबर १९३५ मध्ये येते. वेगळे मणी लागत नाहीत, नेहमीच्या रोझरीवरच (मारियेच्या जपमाळेवर) म्हणतात. सुरुवातीला ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’, ‘नमो मारिया’ आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, एकेकदा. प्रत्येक दशकाच्या (दहा मण्यांच्या टप्प्याच्या) मोठ्या मण्यावर शाश्वत पित्याला त्याच्या पुत्राचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व आपल्या व साऱ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी अर्पण करायचं. दहा लहान मण्यांवर: ‘त्याच्या दुःखमय यातनांसाठी आम्हांवर व साऱ्या जगावर दया कर.’ अशी पाच दशकं. शेवटी तीनदा, ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमर देवा, आम्हांवर व साऱ्या जगावर दया कर.’ मराठी शब्दांत पुस्तिकेगणिक थोडा फरक सापडेल, अडू नका. सगळी मिळून आठ-दहा मिनिटं. लोकलमध्ये ऐरोलीला सुरू केली तर कोपरखैरण्याच्या आसपास संपते, आणि खिशात हात घालून बोटांवर मोजली तरी चालते.

दुपारी ३ची वेळ येशूच्या मृत्यूची म्हणून धरतात. ऑफिसात तेव्हा मीटिंग असते हे मान्य. फाउस्टिनानेही लिहून ठेवलंय की देवळात जाता येत नसेल तर जिथे असाल तिथेच क्षणभर थांबावं. मोबाइलला तीनचा अलार्म, आवाज बंद, नुसतं थरथरणं. बास. या माळेला मंत्रतंत्र करू नका, ‘नऊ दिवस म्हटली की काम होतं’ असं सांगत फिरू नका. ती मागण्याची प्रार्थना आहे, आणि मागताना तोंडातून पुन्हा पुन्हा ‘साऱ्या जगावर’ येतं याचा हळूहळू परिणाम होतो: स्वतःचं प्रकरण जगाएवढं मोठं वाटेनासं होतं.

दैवी दयेच्या रविवारी, म्हणजे २०२७ मध्ये ४ एप्रिलला, वाचतात तो योहानचा विसावा अध्याय. शिष्य भीतीने दारं लावून बसलेत. येशू आत येतो, ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो, आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्याच खोलीत त्यांना देतो. आठ दिवसांनी थोमा, पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य. त्याला येशू हात आणि कूस दाखवतो. पुनरुत्थित देहावरही खिळ्यांच्या खुणा होत्या, हे लक्षात घ्या. क्षमा झाल्यावर आपल्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत म्हणून खचणाऱ्यांनी तो अध्याय सावकाश वाचावा.

पायरी सातवी: समोरच्याचं देणं

मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचं १०,००० तालांतांचं कर्ज राजा सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनात १०० दिनार म्हणजे चिल्लर असं सांगतात. तसं नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. १०० दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कमाई. तुमचं जे नुकसान झालं ते खरं आहे, येशू त्याला क्षुल्लक म्हणत नाही. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार होत. तुम्हाला जे सुटलं त्याच्याशी ताडून बघा, एवढंच तो सांगतो.

क्षमा करणं म्हणजे पुन्हा विश्वास टाकणं, पुन्हा घरात घेणं, पोलिसातली तक्रार मागे घेणं, हे नव्हे. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आजा याने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपांनी त्याला क्षमा केली, १९८३च्या नाताळात तुरुंगात जाऊन त्याच्याशी बोलले, आणि आजा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. मारणाऱ्या नवऱ्याला क्षमा करून त्याच्यापासून लांब राहता येतं. कुणी ‘तू ख्रिस्ती ना, मग सहन कर’ म्हणालं तर ऐकू नका, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन लावा.

मनात राग असतानाही सुरुवात करता येते: त्या माणसाचं नाव घेऊन माळेचं एक दशक. जास्त नको. काहींना महिने लागतात, काहींना वर्षं.

डॉक्टर कधी

दोन प्रकारच्या लोकांना वरचं सगळं उलटं पडू शकतं. एक शंकेखोर मनाचे: सांगून आले की लगेच ‘नीट सांगितलं नाही’, पुन्हा रांगेत. संत इग्नेशियस लोयोला यांनीही १५२२-२३ मध्ये मनरेसाला हे भोगलं, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत. अशांनी एकच फादर धरावा आणि ते ‘जुनं पुन्हा सांगायचं नाही’ म्हणाले की नाही म्हणजे नाही. दुसरे, ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, जगण्यात रस नाही. हा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. गोळी घेतल्याने भरवसा कमी ठरत नाही.

पुढचं कुमसार

गंभीर पापं असतील तर वर्षातून निदान एकदा, हा चर्चचा नियम. माझ्या मते महिन्याला एकदा बरं, पहिल्या शुक्रवारच्या आसपास धरलं की लक्षात राहतं. पॅरिशमध्ये नाव घाला, सेंट व्हिन्सेंट डी पॉलसारखी मदत करणारी मंडळी असतील तर त्यांच्याबरोबर एखाद्या घरी जाऊन या. दया घेणाऱ्याने ती कुणाला तरी दिली की टिकते. आणि खूप वर्षांनी येत असाल तर ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा टाळा. तेव्हा रांग दारापर्यंत जाते, फादर थकलेले असतात, मागचा माणूस घड्याळ बघतो. जुलैतला धो-धो पावसाचा शनिवार गाठा. छत्री बाहेर ठेवून आत शिरा. रांगेत बहुधा तुम्ही एकटेच असाल आणि फादर पेटीत पुस्तक वाचत बसलेले असतील.